खूप म्हणजे किती?

जुन्नर,
रविवार, दुपारचे तीन

चि. छकुलीस,


सातवीतल्या मुलीला छकुली म्हणायचं नाही, अशी तंबी तू मला दिवाळीतच दिली आहेस. पण पत्राचा मायना आजोबांच्या मर्जीचा असतो. अजून दोन-तीन वर्षं चालवून घे.

तुझ्या निबंधाचा फोटो आईनं पाठवला. 'मी पाहिलेले ऐतिहासिक स्थळ', म्हणजे आपला नाणेघाट. दहापैकी पाच, आणि खाली लाल शाईत 'शब्दसंग्रह वाढवा'. त्यापाठोपाठ तुझा निरोप आला : "नाना, तुम्ही मराठीचे सर होतात ना, मग मला शंभर अवघड शब्द लिहून पाठवा. मी पाठ करते."

शंभर शब्द पाठवत नाही. रागावू नकोस, आधी ऐक.

मी चष्मा लावून मोजलं. दीड पानात 'खूप' नऊ वेळा आहे आणि 'मग' अकरा वेळा. खूप चढ होता, मग आम्ही खूप थकलो, मग वर खूप जुनी गुहा होती, तिथे खूप वारा होता, मग आम्हाला खूप मजा आली. बाईंनी पाच दिले. मी दिले असते साडेचार. बाईंवर रुसू नकोस, त्यांना बिचाऱ्यांना असे साठ निबंध वाचायचे असतात.

पण मला कोडं पडलंय ते वेगळंच. नाणेघाटाहून आपण परत आलो त्या रात्री तू ओट्याशी उभी राहून आजीला सगळं सांगत होतीस. मी बाहेर पाय चेपत बसलो होतो आणि ऐकत होतो. तू म्हणालीस, "आजी, शेवटच्या पायऱ्या अशा आहेत ना, की चढताना माझा गुडघा हनुवटीला लागतो. आणि नाना पुढे होते, त्यांचा गुडघा कट् वाजायचा. मी मोजलं, एकशे बारा वेळा वाजला." मग म्हणालीस, "झाडीतून बाहेर आलो तर असा वारा आला, जसं कुणी फ्रीजचं दार उघडलं." गुहेच्या भिंतीवरची अक्षरं तुला चालता चालता थांबलेल्या मुंग्यांच्या रांगेसारखी दिसली होती. आजी इतकी गुंगली की तव्यावरची भाकरी करपली. चाळीस वर्षांत तिची भाकरी करपल्याचं मला आठवत नाही.

आता सांग, यात एक तरी अवघड शब्द आहे का? ओट्याशी उभी असलेली ती मुलगी वही उघडल्यावर कुठं गेली?

तुला वाटेल, नाना चुका काढतायत. म्हणून आधी माझीच एक सांगतो. ही मी आजवर तुझ्या आजीलाही सांगितलेली नाही.

नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. नववीच्या तीस मुलांना घेऊन हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. खिरेश्वरावरून तोलारखिंडीतून चढलो, रात्री गुहेत मुक्काम केला, पहाटे तारामतीच्या शिखरावर गेलो. माझ्या पिशवीत तीस वह्या होत्या. ओझं मीच वाहिलं होतं, त्याचा अभिमानही होता. वर पोचताच मी वह्या वाटल्या आणि फर्मान सोडलं : 'गडावरील सूर्योदय', वेळ अर्धा तास. आता गंमत बघ. त्या सकाळी असं धुकं होतं की शेजारच्याची टोपी दिसत नव्हती. सूर्य उगवला असेल, पण आम्हाला काही तो भेटला नाही. तरी एकोणतीस वह्यांत सूर्यनारायण सोन्याच्या रथात बसून आले, पूर्वेला केशराचा सडा पडला, पक्ष्यांनी भूपाळ्या गायल्या. सगळ्यांनी एकाच गाईडातला निबंध पाठ केला होता. तिसाव्या वहीत तीन ओळी होत्या. आज सूर्य दिसला नाही. दोन्ही कानांना थंडी वाजतेय. सर म्हणाले लिहा, म्हणून लिहितोय.

मी त्या मुलाला दहापैकी दोन दिले. कारण काय, तर लांबी कमी!

ती वही माझ्याकडं नाही, तो मुलगा कुठं असतो तेही ठाऊक नाही. पण पुढं तीस-बत्तीस वर्षं मी मुलांना डोंगरात नेत राहिलो, त्यात वही वर कधी नेली नाही. डोंगरावर लिहायचं नसतं. तिथं बघायचं, ऐकायचं, विचारायचं, चुकायचं. लिहिणं घरी, दोन दिवसांनी, पाय दुखायचे थांबल्यावर.

चुकायचं म्हटलं, त्यावरून भीमाशंकर आठवलं. तेव्हा मी एम. ए. झालेला होतो, आणि मराठी आपल्याला येते असं समजत होतो. खांडसहून चढायचं ठरलं. बरोबर चौदा मुलं. वाटेत गुरं चारणारा एक म्हातारा भेटला. त्याला वाट विचारली, तर म्हणाला, "सोंडेला भिडू नका मास्तर. पदरातनं जावा." मी मोठ्या माणसासारखी मान डोलावली. पदर! मला पदर म्हणजे लुगड्याचा माहीत. फार तर पदरमोड, पदरी पडणं वगैरे वाक्प्रचार, जे मी मुलांकडून घोकून घेत असे. डोंगराला पदर असतो हे माझ्या एम. ए.त कुणी सांगितलं नव्हतं. विचारायची लाज वाटली. समोर दिसली ती वाट धरली आणि नेमका सोंडेवरच चढलो. दोन तासांनी कातळ आडवा आला. वर जाता येईना, खाली बघवेना. एकेका मुलाला हात देत उतरवलं, तेव्हा दिवस मावळला होता.

त्या रात्री पदरवाडीत एका घरी आसरा मिळाला. हो, गावाचं नावच पदरवाडी, आणि बाजूला उभा आहे तो पदरगड. नाव कानावरून दोनदा गेलं होतं आणि मला काही कळलं नव्हतं! त्या घरच्या म्हातारीला मी शेवटी विचारलंच. ती हसली, उभी राहिली आणि आपला पदर खांद्यावरून सोडून हातावर आडवा धरला. वर कडा उभा, खाली उतार तुटलेला, मधे ही सपाट जागा आडवी पसरलेली, तो पदर. वस्ती त्यावर, शेतं त्यावर, वाट त्यावरून. तो शब्द मला आता मेल्यावरही विसरता यायचा नाही. चौदा मुलांच्या आयांना काय सांगणार होतो, त्या भीतीसकट तो आत गेलाय.

म्हणून तुला शंभर शब्द पाठवत नाही. पाठवले तर ते वहीत राहतील, आणि परीक्षेनंतर वहीबरोबर रद्दीत जातील.

आपल्या सह्याद्रीतल्या लोकांनी डोंगराला नावं कशी दिलीत, बघ. अख्खं शरीरच दिलंय त्याला. माथा, खांदा, नाक, पोट, कूस, सोंड, पायथा. वाडीतला माणूस 'डोंगराच्या पोटातनं जा' म्हणतो, तेव्हा त्याला चढउतार न करता मधल्या उंचीवरून आडवं जायचं असतं. शरीराचं संपलं की घरातल्या वस्तू. राजगडाच्या सुवेळा माचीवर खडकाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. सुईच्या भोकाला म्हणतात तेच. आजीला विचार, दोरा नेढ्यातून ओवते ती. कड्याला उभी चीर पडून वाट झाली की ती नाळ. गडावर पाणी साठवायला खडकात खोदलेलं ते टाकं. तुझ्या कपाळावर पडले होते ते टाके वेगळे, पण दोन्हींच्या अनेकवचनाचा घोटाळा करून मुलं मला दर वर्षी हसवायची. कोरलेल्या गुहेला लेणं म्हणतात, आणि अंगावरच्या दागिन्यालाही लेणंच. नाणेघाटातल्या 'घाट' शब्दाचं तर विचारू नकोस. डोंगर ओलांडायची वाट म्हणजे घाट, नदीच्या पायऱ्या म्हणजे घाट, तांब्याचा आकार सुबक असला तर आजी म्हणते घाट चांगला आहे, आणि तुझी आई अचानक पुरणपोळ्यांचा घाट घालते तोही घाटच. हे चारही घाट तुझ्या कानावरून गेलेले आहेत. पण पायांखालून गेला तो एकच.

वर पोचल्यावर तू जीवधन किल्ल्याकडं बोट दाखवून विचारलंस, "नाना, डोंगराला पायऱ्या कुणी केल्या?" तेव्हा मी धापा टाकत होतो, म्हणून नीट उत्तर दिलं नाही. आता देतो. भूगोलाच्या पुस्तकात तुम्हाला 'डेक्कन ट्रॅप' आहे ना? तुला तो ट्रॅप म्हणजे सापळा वाटला होता. सापळा नव्हे गं. स्वीडनच्या भाषेत जिन्याला जो शब्द आहे, 'ट्रॅपा', त्यावरून तो आलाय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर असा वाहिला, थिजला, झिजला आणि त्या थरांच्या पायऱ्या दिसायला लागल्या. म्हणजे तुला जे सुचलं, तेच कुणा भूशास्त्रज्ञाला सुचलं होतं. त्यानं ते नावात घातलं. तू मात्र निबंधात लिहिलंस, 'समोर खूप मोठा डोंगर होता.'

आता त्या 'खूप'कडं येऊ. आपण ज्या गुहेत बसून दशम्या खाल्ल्या, तिच्या भिंतींवरचा लेख दोन हजार वर्षांहून जुना आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून तो ओळखला जातो. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. तुला त्या मुंग्या दिसल्या, कारण लिपी येत नव्हती. पण वाचता आलं तर ओळखीची माणसं भेटतात. त्यात 'गावो' आहे, म्हणजे गाई. 'हथी' आहे, तो तुझा हत्ती. 'बारस' आहे, म्हणजे बारा, आणि अक्षरात लिहिल्यावर पुढं तोच आकडा अंकातही दिलाय, बँकेच्या चेकवर लिहितात तसा. बारा गाई आणि एक घोडा. पुढच्या एका यज्ञात 1700 गाई आणि दहा हत्ती. आणखी एका ठिकाणी कार्षापण नावाची नाणी, 24400. राणीनं यज्ञ केले, दानं दिली, आणि प्रत्येक वेळी किती दिलं ते मोजून दगडावर कोरून घेतलं. 'खूप दान दिले' असं कोरायला छिन्नीचे घाव कितीतरी कमी लागले असते. तिला तेवढ्यावर समाधान नव्हतं.

त्याच गुहेत मागच्या भिंतीशी राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. तू बघितलंस, आता फक्त पावलांच्या खुणा उरल्यात. वरची नावं मात्र वाचता येतात.

नागनिकेचं सोड, राणीच ती. तिच्याकडं लेखनिक असणार. पण आपले शेतकरीसुद्धा 'खूप'वर भागवत नाहीत. सकाळी किती वाजले विचारलं तर वाडीतला म्हातारा म्हणायचा, "दिवस कासराभर वर आला होता." कासरा म्हणजे बैलाची दोरी. डोळ्यांसमोर उभं राहतं की नाही? ओढ्याचा डोह पुरुषभर खोल. पाणी हाकेच्या अंतरावर. करवंदं ओंजळभर, मीठ चिमूटभर. त्यांच्याकडं टेप नव्हती, पण हात, पाय, आवाज, दोरी होती. तू स्वतः आजीला काय म्हणालीस? गुडघा हनुवटीला लागेल एवढी पायरी. हे वाडीतल्या म्हाताऱ्याचं मराठी आहे, पोरी. तुला ते येतं.

शाळेत असताना मी एक दंड लावला होता. डोंगरात 'मस्त', 'भारी', 'खूप' यातलं काहीही तोंडून आलं, की पुढच्या मुक्कामापर्यंत पाच लिटरचा पाण्याचा कॅन त्यानं वाहायचा. पहिल्या दिवशी काय झालं माहितीय? अर्धा तास कुणी बोललंच नाही. चाळीस मुलं मुकाट चालतायत! मला वाटलं, केला नाश. मग एक जण पुटपुटला, "वाट भाजतेय." दुसरा म्हणाला, "मानेवरून मुंगी चाललीय असा घाम येतोय." उतारावर बारीक खडी होती, पाय सटकत होते. तिथं मागून एक कार्टं ओरडलं, "सर, पायाखाली ज्वारी सांडल्यासारखं होतंय!" तेव्हा मी त्यांना शब्द दिला : घसारा. ज्याला ज्याला त्या उतारावर बसकण मारावी लागली, त्याला तो कायमचा मिळाला. (तुझा बाबा बँकेत ताळेबंदात रोज घसारा लिहितो. मशीन झिजून किंमत उतरते तो घसारा. त्याला विचार, या शब्दाला डोंगर आहे हे त्याला माहीत आहे का. नसणार. तो लहानपणी माझ्याबरोबर डोंगरात यायचा तो फक्त करवंदांसाठी.)

हे ध्यानात ठेव : आधी पाय सटकायला हवा, मग घसारा शब्द. उलट क्रमानं दिला की तो औषधाच्या गोळीसारखा लागतो.

मात्र चाललं की भाषा आपोआप येते, असं मी म्हणणार नाही. शंभर-शंभर किल्ले पायाखाली घातलेली मंडळी मला ठाऊक आहेत, ज्यांच्याकडं प्रत्येक किल्ल्यासाठी 'भारी' एवढाच शब्द आहे. पावसाळ्यात रविवारी नाणेघाटाला ये म्हणजे दाखवतो. वाऱ्यानं धबधब्याचं पाणी उलटं वर उडतं, ते बघायला गाड्यांची रांग लागलेली असते. प्रत्येक गाडीत वेगळं गाणं, प्रत्येक हातात फोन. पाण्याचा आवाज कुणाच्या कानात शिरत नाही. आवाजच गेला तर मराठीचा निम्मा खजिना गेला. आपल्या भाषेइतके आवाजांचे शब्द फार थोड्या भाषांत असतील, आणि ते सगळे बाहेरच सापडतात. ओढा झुळझुळतो तेव्हा उन्हाळा तोंडावर आलेला असतो, खळखळतो तेव्हा भाद्रपद. वाळलेल्या पानांवरून सरडा गेला तर सर्रकन, साप गेला तर सळसळत, आणि हा फरक वेळेवर ओळखता आलेला बरा. रातकिड्यांमुळं रान किर्र होतं, अंधार मिट्ट होतो. पाऊस तर बघ, वेगवेगळ्या नावांनी येतो. भुरभुर येतो, रिपरिप लागून राहतो, सर येऊन जाते, वळीव झोडपतो, आणि झड बसली की चार दिवस उठत नाही. तुझ्या निबंधमालेत नुसता 'मुसळधार' आहे. मुसळ तू पाहिलंयस का कधी?

जूनच्या आधी रानात एक पक्षी ओरडतो, पावशा. आपल्या शेतकऱ्याला तो 'पेरते व्हा' म्हणतोय असं ऐकू येतं. हिंदी मुलखात तोच 'पी कहाँ' विचारतो, म्हणजे प्रियकर कुठं आहे. इंग्रजांना आपल्याकडच्या उकाड्यात त्याच आवाजात 'ब्रेन फीवर' ऐकू आलं. एकच पक्षी! ज्याच्या मनात जे होतं, ते त्यानं ऐकलं. तुझ्या मनात काय आहे ते मला बघायचंय. मेमध्ये सुट्टीला आलीस की पहाटे आपण पाच मिनिटं डोळे मिटून बसू, आणि तो काय म्हणतो ते तू मला सांगायचं. 'पेरते व्हा' म्हणालीस तर दंड, कारण ते दुसऱ्याचं आहे.

आता 'मग'बद्दल. ते अकरा 'मग' मला नऊ 'खूप'पेक्षा जास्त खटकले. मुलांना वाटतं गोष्ट सांगणं सोपं असतं आणि निबंध अवघड. मला विचारशील तर सगळ्यात अवघड लिखाण म्हणजे वाट सांगणं. परतल्यावर मी मुलांना एकच काम द्यायचो. जो आला नाही, त्याला अशी वाट सांगा की तो एकटा जाऊन सुखरूप परत येईल. तिथं 'मग आपण जातो, मग झाड येतं' चालत नाही. कुठलं झाड? किती वेळानं? झाड कुठल्या हाताला ठेवायचं? आपोआप वाक्यं वळायला लागायची. 'उंबर उजव्या हाताला ठेवून ओढा ओलांडला की मळलेली वाट सोडून डावीकडं चढायचं, कातळात कोरलेल्या पायऱ्या लागेस्तोवर थांबायचं नाही.' बघ, चार गोष्टी एका वाक्यात गुंफल्या आणि 'मग' एकदाही नाही. ठेवून, ओलांडला की, सोडून, लागेस्तोवर. व्याकरणाच्या तासाला मी हेच शिकवायला जायचो तेव्हा मागच्या बाकावर जांभया यायच्या. एकदा मात्र एका मुलीनं सांगितलेल्या वाटेवरून दुसऱ्या वर्गातली मुलं खरोखर गेली आणि चुकली. ती परत आल्यावर जे भांडण झालं! 'तू ओढा म्हणालीस, तो तर नुसता ओहोळ होता!' ओढा आणि ओहोळ यांतल्या फरकावर चौदा वर्षांची मुलं हमरीतुमरीवर येतात, हे ज्या मराठीच्या मास्तरानं पाहिलंय त्याला पेन्शन कमी पडली तरी चालते.

वाचायलाही सांगतो, पण चालून आल्यावर. गो. नी. दांडेकरांचं 'माचीवरला बुधा' राजमाचीवर घडतं. आधी राजमाचीवर एक रात्र काढू, मग वाच. दांडेकरांनी आयुष्यभर किल्ल्यांच्या वाटा तुडवल्या, आणि त्यांची वाक्यं वाचताना कुठं चढ लागला ते श्वासाला कळतं. दुसरे मारुती चितमपल्ली. वनखात्यात अधिकारी होते, 2025 साली गेले. रानातल्या माणसांशी बोलून बोलून त्यांनी किती शब्द आणले, आणि नव्हते तिथं घडवले. झाडांवर कावळ्यांची वसाहत असते तिला काकागार, बगळे-करकोच्यांच्या वसाहतीला सारंगागार. ठाण्यात तुझ्या खिडकीसमोरच्या पिंपळावर रोज संध्याकाळी जो कलकलाट होतो, त्याला नाव नाही म्हणून तू वैतागून खिडकी लावतेस. तिथं कावळे नुसते झोपायला येतात की घरटीही बांधतात, ते आधी बघ. घरटी असतील तर तुझ्या समोर काकागार आहे.

तुला प्रश्न पडेल, शाळेतल्या बाईंना हे चालेल का? चालेल. चांगलं वाक्य आलं की लाल पेन थबकतं, हे मी त्या पेनाच्या मागं बसून सांगतो. मी त्या धुक्यातल्या मुलाच्या तीन ओळींना दोन दिले तेव्हाही थबकलो होतो. दिले तरीही दोनच, पण थबकलो होतो.

तर आता असं कर. निबंध पुन्हा लिहू नकोस. नाणेघाटाची वाट आजीला लिहून पाठव. वैशाखऱ्याला एस्टीतून उतरल्यापासून गुहेपर्यंत. आजीचे गुडघे तिला कधीच वर नेणार नाहीत हे तुला ठाऊक आहे. तेव्हा तुझ्या कागदावरून तिला जेवढं जाता येईल तेवढंच. फोनवर सांगायचं नाही. तिला दुपारी झोपाळ्यावर बसून वाचायचंय. कुठं बसून पाणी प्यायलो, कुठं तुझी सपात सुटली, कुठं माकडानं दशमी पळवली, ते सगळं यायला हवं. माझ्या गुडघ्याचं मात्र गाळ. ती लगेच डॉक्टरकडं नेते.

मेमध्ये येताना जुने बूट आण, नवे चावतात. टोपी आण. फोन आईकडं ठेव. मी कॅन तयार ठेवलाय, पाच लिटरचाच.

आणखी एक. नाणेघाटाच्या कड्याच्या टोकाला 'नानाचा अंगठा' म्हणतात हे कळल्यावर तू माझ्या पायाच्या अंगठ्याकडं बघून जे काही म्हणालीस, ते आजीला सांगितल्यापासून ती रोज एकदा हसते. तेही लिही, माझी हरकत नाही.

आणि आजीचा एक प्रश्न आहे, तो मी तिच्याच शब्दांत खाली उतरवून घेतोय. घाटमाथ्यावर तो दगडी रांजण आहे ना, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात तो, त्यात डोकं घालून तू काहीतरी ओरडलीस आणि नानांना सांगितलं नाहीस म्हणे. "तिला विचारा, काय ओरडली? आणि रांजण काय म्हणाला?"

तुझा,
नाना